उंदराचे औषध

१९९८ च्या दिवाळीत मी आत्याकडे फराळाला गेलो होतो. ती तालुक्याच्या गावी राहत असे. फराळ झाल्यावर तिने डब्यातून एक गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. पाकिटावरचे नाव मी वाचले : वॉरफेरिन. एका इंग्रजी मासिकातल्या लेखामुळे ते मला ठाऊक होते. मी हसत म्हणालो, "आत्या, हे मुळात उंदीर मारायचं औषध आहे, माहितीये का तुला?" तीही हसली. "म्हणजे डॉक्टर मला उंदीर समजतात की काय रे?" विषय तिथेच संपला, असे मला वाटले.

तो संपला नव्हता. त्या दिवसापासून तिने गोळी बंद केली आणि कुणाला सांगितले नाही. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या हातातून कपबशी पडली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. नंतर देवघराच्या फडताळात गोळ्यांची न उघडलेली पाकिटे सापडली. ती पुढे अकरा वर्षे जगली, पण माझे नाव तिला पुन्हा नीट उच्चारता आले नाही.

मी इतिहासाचा शिक्षक, वैद्यकाचा नव्हे. पण मी आत्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी शोधण्याची जबाबदारी माझ्यावर होती. हा लेख त्या शोधाचा आहे.

गोष्ट सुरू होते ती गुरांपासून. १९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात धडधाकट गुरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे छाटताना झालेली साधी जखमही जिवावर बेतत असे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी कारण शोधले ते चाऱ्यात. तिथे स्वीट क्लोव्हर नावाचे, आपल्याकडच्या लसूणघासाच्या कुळातले पीक वाळवून गुरांना घालत. ओल लागून त्याला बुरशी आली, की तोच चारा विषारी होई. स्कोफील्ड यांनी एकाच गंजीतल्या चांगल्या आणि खराब काड्या वेगळ्या करून सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारे जगले, खराब खाणारे रक्तस्रावाने मेले.

कारण कळले, तरी विष कोणते हे कळायला आणखी बरीच वर्षे जायची होती. १९३३ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात पोचला. गाडीत मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते आणि बरोबर बुरशी आलेला चारा. त्याला सरकारी पशुवैद्याला भेटायचे होते, पण ते कार्यालय बंद होते. उघडी सापडली ती विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा. हा चारा घालू नका, यापलीकडे लिंक त्याला फारसे काही सांगू शकले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९३९ मध्ये त्यांचे सहकारी हॅरोल्ड कॅम्पबेल यांना त्या विषाचे शुद्ध स्फटिक मिळाले. ते डायकूमारॉल. क्लोव्हरला गोड वास देणाऱ्या कूमारिन या द्रव्यापासूनच बुरशी हे विष बनवत होती. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. हे विष नेमके त्या जीवनसत्त्वाचेच काम अडवते.

१९४५ मध्ये लिंक क्षयामुळे आरोग्यधामात पडून होते. तिथे उंदीर निर्मूलनाचा इतिहास वाचताना त्यांना कल्पना सुचली : या जातीच्या द्रव्यांपैकी एखादे उंदरांसाठी वापरता येईल का? प्रयोगशाळेच्या यादीतले ४२ व्या क्रमांकाचे द्रव्य त्या कामी आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफेरिन हे नाव मिळाले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले. मी आत्याला सांगितले ते इथपर्यंतचे.

पुढचे मला तेव्हा माहीत नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने हे विष घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. के जीवनसत्त्व आणि रक्त दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. म्हणजे या विषाला खात्रीचा उतारा होता. १९५४ मध्ये ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांना हेच औषध दिले गेले.

हृदयाच्या रुग्णाला पक्षाघात का होतो, हे इथे सांगायला हवे. आत्याला लहानपणी घसादुखीमागून सांधे सुजवणारा ताप आला होता. तो ऱ्हुमॅटिक ताप. त्याने हृदयाची द्विदल झडप आकसते. रक्त पुढे सरकायला अडथळा होतो, डावे अलिंद फुगते आणि पुढे ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरावे, तशी संथ रक्तात गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली, की मेंदूचा तेवढा भाग काही मिनिटांत मरू लागतो. गुठळी एका जागी धरते आणि रक्ताबरोबर वाहत दुसरीकडे जाऊन अडकते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवले होते.

मग १९५४ पासून औषध हाताशी असताना अशा सगळ्याच रुग्णांना ते का मिळाले नाही? माझ्यातल्या इतिहासाच्या शिक्षकाला सर्वांत खटकलेला प्रश्न हा. झडप बिघडलेल्या रुग्णांना डॉक्टर ते देत असत. पण झडप चांगली असून ठोके अनियमित असलेल्या वृद्धांचे काय, हे कुणी मोजलेच नव्हते. ते मोजले अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाने. तिथे १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जात होती. १९७८ मध्ये तिचा निष्कर्ष आला : झडप चांगली असली, तरी एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका पाच पटींहून अधिक होतो आणि ऱ्हुमॅटिक विकार असेल, तर सतरा पटींहून अधिक. आत्या या दुसऱ्या गटातली.

दुसरी अडचण मापाची होती. रक्त किती पातळ झाले, हे प्रयोगशाळा प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या द्रव्याने तपासत. प्रत्येकीचे द्रव्य निराळे, म्हणून एकाच रक्ताचे उत्तरही निराळे. त्यामुळे काही ठिकाणी डोस जास्त जाऊन रक्तस्राव होत आणि औषधाचे नाव आणखी वाईट होई. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान माप स्वीकारले. आत्याच्या तपासणीच्या कागदावर लिहिलेला '२ ते ३' हा आकडा त्या मापातला. त्याखाली गुठळीचे भय, त्यावर रक्तस्रावाचे.

माप आल्यावर पुरावाही आला. पहिली मोठी चाचणी कोपनहेगनमध्ये झाली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. झडप चांगली असलेल्या रुग्णांवरच्या अशा पाच चाचण्यांचा एकत्र हिशेब १९९४ मध्ये मांडला गेला. औषध न घेणाऱ्यांत वर्षाला शंभरामागे साडेचार पक्षाघात होत होते. वॉरफेरिन घेणाऱ्यांत ते सुमारे दीड झाले. औषधाच्या मान्यतेपासून या हिशेबापर्यंत चाळीस वर्षे गेली होती. आत्याच्या डब्यातल्या गोळीमागे एवढे सगळे उभे होते आणि मी त्यातला उंदीर तेवढा उचलला होता.

झटका आल्यावरचे उपचार त्याच काळात आकाराला येत होते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांत दिले तर उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ही मुदत २००८ मध्ये साडेचार तासांवर गेली. रोहिणीत नळी घालून गुठळी ओढून काढण्याची पद्धत २०१५ च्या चाचण्यांनी प्रस्थापित केली. आत्याला शहरात पोचवायला आम्हाला सात तास लागले होते. तिच्यासाठी खरा उपचार झटक्याआधीचाच होता, तो म्हणजे ती गोळी.

२००९ नंतर रक्ततपासणी फारशी न लागणारी नवी औषधे आली आणि झडप चांगली असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी ती सोयीची ठरली. वॉरफेरिनचा काळ संपला, असे वाटत होते. पण २०२२ मध्ये इन्व्हिक्टस या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देशांत ऱ्हुमॅटिक झडपविकाराच्या साडेचार हजारांवर रुग्णांची रिव्हरोक्सॅबॅन हे नवे औषध आणि वॉरफेरिनच्या जातीची जुनी औषधे यांत तुलना केली होती. जुन्या औषधांवरचे रुग्ण कमी मेले. या चाचणीतल्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीचे होते आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. तो आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. १९९८ मध्ये आत्या ५१ वर्षांची होती.

मी तिला सांगितले ते खोटे नव्हते, फक्त १९४८ शी थांबलेले होते. आता दिवाळीला कुणाकडे गेलो आणि अशी गोळी दिसली, तर मी दोन गोष्टी विचारतो : शेवटची रक्ततपासणी कधी केली आणि आकडा किती आला? कुणी कुरकुरले, की महिन्याला तालुक्याला जायचा कंटाळा येतो, तर मी गाडी काढतो. वाटेत त्यांना ही सगळी गोष्ट सांगतो, उंदरापाशी न थांबता.