दोन विराम आणि एक पाळणाघर

मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. स्तनपानाचा प्रश्न मात्र रजा संपल्यावर सुरू होतो.

१९४८च्या कारखाना अधिनियमाने ५०हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. १९६१च्या मातृत्व लाभ अधिनियमाने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. शिवाय कामावर परतलेल्या मातेला, मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, स्तनपानासाठी रोज दोन जादा विराम दिले. पण मूल दूर घरी असेल, तर विराम कागदावरच राहतो.

शरीरशास्त्र या तरतुदींचे मोल स्पष्ट करते. बाळ चोखू लागले की प्रोलॅक्टिन स्रवते. दूध स्तनात साचून राहिले की निर्मिती मंदावते. पाजण्यात किंवा दूध काढण्यात वारंवार दीर्घ खंड पडला, तर दूध आटू लागते. म्हणूनच विराम ही सवलत नव्हे, स्तनपान टिकण्याची अट आहे.

जागतिक आरोग्य सभेने २००१ साली पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. भारतात २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि तेथे रोज चार भेटींची मुभा आली. कायदा शास्त्राच्या जवळ आला. परंतु शेतमजूर, घरकामगार अशा असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य माता आजही या तरतुदींबाहेरच आहेत.