वांदर-रोटी

(शास्त्रीय नाव क्लायनिया ग्रँडिफ्लोरा, पूर्वीचे नोटोनिया ग्रँडिफ्लोरा, कुल सूर्यफूल अथवा कंपॉझिटी.) सह्याद्रीच्या व दख्खनच्या डोंगरांतील ज्या रुक्ष कडेकपारींत मूठभर मातीही मोठ्या मुश्किलीने टिकते, तेथे वाढणारे हे मांसल क्षुप भारतीय द्वीपकल्प व श्रीलंका येथले मूळचे रहिवासी होय. नावाचा सरळ अर्थ वानराची भाकरी. जाड, रसाळ पाने हाती घेतली म्हणजे ते योजणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

ग्रीष्मात बरीचशी पाने झडून गेल्यावर उरलेली जाड, गोल, हिरवट खोडे आणि त्यांवरील गळलेल्या पानांचे व्रण पाहून अनभिज्ञ मनुष्य तिला थोराच्या गोतात खुशाल दाखल करतो. परंतु थोराची फांदी मोडताच जो पांढरा चीक ठिबकू लागतो तो येथे नसतो, आणि काट्याचा तर मागमूसही नसतो, एवढ्या दोन अभावांवरून तो दावा निकालात निघतो. पाने लांबट-अंडाकृती, अखंड कडांची, गुळगुळीत असून फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात.

पावसाळा सरल्यावर लांब, जवळजवळ पर्णहीन दांडे निघतात व त्यांवर फिकट पिवळी स्तबके येतात. सूर्यफूल म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहणारी पाकळ्यांची झालर येथे शोधू नये. सर्व पुष्पके नलिकाकृती, एकेरी ओळीतील हिरव्या छदांच्या उभट पेल्यात दाटीने बसलेली, आणि त्यांचे दुभागलेले किंजल्क तेवढे वर डोकावणारे. फळ पिकून त्याच्या माथ्यावरील शुभ्र केसांचा झुबका वाऱ्यावर तरंगू लागला, की कुलाविषयी शंकेला जागा उरत नाही.

मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८६० मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर प्रतिबंधक म्हणून हिची शिफारस केली होती: ताजी खोडे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालून सकाळी पिळून निघालेला हिरवट, बुळबुळीत रस प्यायचा, व हा क्रम लागोपाठ तीन दिवस चालवायचा. ज्या रोगाची बाधा प्रत्येक दंशातून होतेच असे नाही, त्यावरील कोणत्याही प्रतिबंधकाला यशाचे दाखले आयते मिळतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या तजविजीचे मोल कळते. खरा उपाय पाश्चरच्या १८८५ च्या लसीनेच हाती आला.

खोडाचा तुकडाही सहज रुजत असल्याने खडकाळ बागांतून ती शोभेसाठी लावतात. मात्र बुंध्याशी पाणी साचले की ती कुजते.