लंडनला एकट्याने जाताना

परदेशातील महानगरात एकट्याने सुटी घालवताना अडचणीच्या वेळी सोबतीला कोणी नसते. ही उणीव पूर्वतयारीनेच भरून काढावी लागते. दुर्ग-भिलाईतील पद्मनाभपूरहून लंडनला निघणाऱ्याने रायपूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे जाताना दोन्ही विमानांचे तिकीट एकत्र काढावे. तिकिटे स्वतंत्र असल्यास पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकण्याची जबाबदारी सामान्यतः प्रवाशावरच येते.

पासपोर्ट, व्हिसा व विम्याच्या प्रती मूळ कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवाव्यात. एक संच घरी द्यावा. पैसे व बँकेची कार्डेही दोन ठिकाणी विभागावीत. पासपोर्ट चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा. मायदेशी परतण्यासाठी तेथून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकते.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख भाडे घेतले जात नाही. कार्ड यंत्राला टेकवावे लागते. भुयारी रेल्वेत आत जाताना व बाहेर पडताना एकच कार्ड वापरावे, अन्यथा जादा भाडे कापले जाते. ब्रिटिश म्युझियम व नॅशनल गॅलरी यांची कायमस्वरूपी दालने विनामूल्य पाहता येतात. १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही याच शहरात आहे.

तातडीच्या मदतीसाठी ९९९ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मोबाईल बंद पडू शकतो, म्हणून मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून जवळ बाळगावा. रोज ठरलेल्या वेळी घरी खुशाली कळवावी. ती वेळ टळल्यास कोणाला दूरध्वनी करायचा, हेही घरच्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.