रक्त की भांडवल?

"धंदा त्यांच्या रक्तातच असतो!" हे वाक्य आपण किती सहज फेकतो ना? अमेरिकेतही हेच चालायचं. १९७२ साली आयव्हन लाइट या समाजशास्त्रज्ञाने यावर पुस्तक लिहिलं. जपान्यांकडे 'तानोमोशी', चिन्यांकडे 'हुई'. म्हणजे चक्क आपली भिशी! बँक दारात उभं करत नसे, तेव्हा दुकानाचं भांडवल यातून निघायचं. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांकडे ही प्रथा उरली नव्हती, असं लाइटचं म्हणणं.

त्यांच्यासाठी काय होतं? फ्रीडमन्स बँक. १८६५ मध्ये, गुलामीतून सुटलेल्यांच्या बचतीसाठी काढलेली. कारभाऱ्यांनी ठेवी भलत्यासलत्यांना कर्जाऊ वाटल्या आणि १८७४ मध्ये बँक बुडाली. ६१ हजार ठेवीदार, जवळपास ३० लाख डॉलर!

पुढे टिमोथी बेट्स या अर्थतज्ज्ञाने १९८०च्या दशकातल्या छोट्या धंद्यांची आकडेवारी तपासली. भिशीचा वाटा लहानच निघाला. जास्त टिकले ते पुरेशा भांडवलावर सुरू झालेले धंदे, आणि ते भांडवल यायचं मालकाची बचत आणि बँकेचं कर्ज यांतून. शिवाय मालकाचं शिक्षणही कामी यायचं.

आता ज्याच्या खापरपणजोबांची बचतच बुडाली, त्याने भांडवल आणायचं कुठून? आधी हे विचारू, मग खुशाल रक्त तपासू.