आरतीच्या ज्योतीला शेपूट कशाचे?

आपल्या मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेट कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, सतरंज्यांच्या मागे, कित्येक वर्षे पडून होत्या. एकूण एकतीस. निम्म्यांवर काहीच लिहिलेले नाही. उरलेल्यांवर ‘गणपती’, ‘गणपती दुसरा दिवस’, ‘नाटक’ एवढेच. साल कोणीच लिहिले नाही, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी तो यंदाचाच गणपती होता.

गेल्या वर्षी उत्सवाआधी त्यांतल्या काही कॅसेट एका दुकानातून डीव्हीडीवर उतरवून आणल्या आणि सभागृहातल्या नव्या मोठ्या टीव्हीवर लावल्या. दांडिया बाजारातून निघालेली विसर्जनाची मिरवणूक होती. लेझीम खेळणाऱ्यांचे हात पुढे जात आणि हातांच्या सावल्या मागे रेंगाळत राहत. माणूस वळला की चेहरा पुसल्यासारखा होई. आम्ही सर्वांनी एकमुखाने निदान केले, की कॅसेट गेल्या. साफसफाईच्या रविवारी अकरा कॅसेट भंगारात गेल्यासुद्धा. बाकीच्या वीस वाचल्या त्या केवळ हातगाडीवाला घाईत होता म्हणून.

पुढे काही दिवसांनी आमच्यापैकी एकाच्या घरी, माळ्यावर ठेवलेला जुना काचेच्या नळीचा टीव्ही आणि एक चालू स्थितीतला व्हीसीआर निघाला. सहज म्हणून तीच मिरवणुकीची कॅसेट लावली. चित्र थोडे मऊ, कडा जरा थरथरत्या, पडद्याच्या तळाशी व्हीएचएसला नेहमी असते ती मुंग्यांची पट्टी. पण लेझमीमागे सावली नाही. हात म्हणजे हात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या अकरा कॅसेटचे नाव कोणी काढले नाही.

मग दोष होता कुठे? दोन ठिकाणी. व्हीएचएसच्या चित्रात बारीक किडमिड असतेच. ती घालवण्यासाठी दुकानातल्या यंत्राने आणि वर आमच्या नव्या टीव्हीनेही एकच युक्ती केली होती, ती म्हणजे लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढणे. भिंत, मखर, बसलेली माणसे यांच्यावर ही युक्ती छान चालते, कारण ती हलत नाहीत. जे हलते, त्याचे मात्र आधीचे चित्र नव्यात मिसळते आणि मागे सावली राहते. टीव्हीतली ही सोय आम्ही बंद केली तेव्हा निम्मे भूत उतरले. उरलेले डीव्हीडीतच भिनलेले होते, ते आता निघणार नाही. त्यासाठी मूळ कॅसेटच पुन्हा उतरवावी लागते, आणि म्हणून मूळ कॅसेट हवी.

एक साधी परीक्षा आम्ही तेव्हापासून करतो. हलत्या दृश्यात शेपूट दिसले की चित्र तिथेच थांबवायचे. शेपूट क्षणात विरून गेले तर ती पडद्याची किंवा टीव्हीतल्या सुधारणेची करामत. जसेच्या तसे राहिले तर दोष फितीत, नकलेत किंवा कॅमेऱ्यात. हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर तो आणखी वेगळा प्रकार. आपल्याकडचे जुने टीव्हीचे चित्र सेकंदाला पंचवीस असे, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई: आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदाने उरलेल्या. नळीच्या टीव्हीवर ते कळत नसे. नव्या पडद्यासाठी दोन्ही हप्ते एकत्र चिकटवले की मधल्या वेळात हललेला हात दोन जागी दिसतो.

हे सगळे झाल्यावरही दोन कॅसेट अशा निघाल्या की जुन्या टीव्हीवर, मूळ फितीतही, शेपूट होतेच. फक्त ते माणसांमागे नव्हते. आरतीचे तबक फिरे, आणि प्रत्येक ज्योतीमागे उजेडाची रेघ वर्तुळात ओढली जाई. इथून आमच्या कामाला खरा रंग चढला.

त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात डोळा म्हणून काचेची नळी असे. तिच्या तोंडाशी प्रकाशाने भारित होणारा पातळ थर, आणि मागून इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने ते चित्र वाचून पुसत जाई. साधा उजेड एका फेरीत पुसला जाई. ज्योत, आरसा, झगझगीत दिवा मात्र पुसायला अनेक फेऱ्या लागत. तोवर ज्योत पुढे गेलेली असे आणि तिची जुनी जागा अजून उजळलेली. धूमकेतूच्या शेपटासारखे ते दिसे. हा दोष फक्त लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यात होता असे नाही. नळीचे कॅमेरे असेपर्यंत जगभरच्या मोठमोठ्या स्टुडिओंतही तो होता.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातातल्या कॅमेऱ्यांत नळीची जागा सीसीडी चकतीने घेतली. शेपूट गेले, पण चकतीला स्वतःची खोड होती. तिच्यातला भार उभ्या रांगांतून खाली सरकवत वाचला जातो, आणि फार झगझगीत ठिपका असला की तो रांगभर झिरपतो. म्हणजे ज्योतीतून वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी रेघ. आमच्या वीस कॅसेटपैकी नऊ कॅसेटमध्ये आरतीच्या वेळी या उभ्या रेघा आहेत.

भारतात रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ व्हीसीआर आपल्या वस्तीत आले. तेव्हा वर्तुळाकार शेपटाच्या दोन कॅसेट साधारण १९८३ ते १९८८ मधल्या आणि उभ्या रेघांच्या त्यानंतरच्या, असा अंदाज आम्ही बांधला. अंदाजच म्हणायचा, जुना कॅमेरा विकत घेऊन पुढे दहा वर्षे वापरणारेही होते. पण एका कॅसेटमध्ये मखरामागच्या भिंतीवर कॅलेंडर सापडले. चित्र थांबवून, डोळे ताणून, आम्ही आकडा वाचला: १९८६. त्या दिवशी कार्यालयात चहा दोनदा झाला.

एक कॅसेट मंडळाची नाहीच. मुंबईच्या कोणा नातेवाइकांनी दूरदर्शनवरचे मराठी नाटक भरून पाठवलेले असावे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण त्याच्या लहरी वडोदऱ्यापर्यंत येण्यासारख्या नव्हत्या. आपल्या अगाशीवरच्या अँटेनाला जे मिळे ते हिंदी किंवा गुजराती. मराठी ‘टीव्ही’ आपल्याकडे रेल्वेने यायचा, कोणाच्या तरी पिशवीतून, लाडवांच्या डब्याखाली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी यायला १९९४ उजाडले. या नाटकात प्रत्येक पात्राच्या उजवीकडे त्याची फिकी जुळी आकृती उभी आहे. ही अँटेनाची सावली. एक लहर मनोऱ्यावरून थेट आली, दुसरी एखाद्या उंच इमारतीवर आपटून उशिरा. चाळीस सेंटिमीटर रुंद चित्रात सावली एक सेंटिमीटर सरकलेली असेल, तर ती लहर सुमारे ३९० मीटर जास्त चालून आलेली असते. आम्ही पट्टी लावली. दीड सेंटिमीटर भरले. म्हणजे त्या घराच्या आसपास कुठेतरी, जवळजवळ सहाशे मीटरचा फेरा पाडणारी इमारत उभी होती. घर कोणाचे हे अजून कळलेले नाही.

त्याच कॅसेटमध्ये रंगही खाली ओघळलेले आहेत. व्हीएचएसची नक्कल काढताना दर पिढीला रंग किंचित खाली सरकतो. नायिकेच्या कपाळावरचे कुंकू इथे भुवयांच्या मध्ये उतरले आहे. मूळ नव्हे, नकलेची नक्कल असणार. तरी ती आम्ही जपून ठेवली आहे.

आता मुख्य गोष्ट. उरलेल्या वीसमध्ये ‘संगीत सौभद्र’चा पहिला भाग सापडला. आपल्याच सभासदांनी केलेला प्रयोग, पेटी-तबला रंगमंचाच्या कडेला, आणि सुभद्रेच्या भूमिकेत आपल्या मंडळातल्या ज्या बाई होत्या त्या आज हयात नाहीत. चांगल्या स्थितीत आहे. प्रवेश अर्ध्यावर कॅसेट संपते आणि शेवटी कोणीतरी कॅमेऱ्यासमोर कागद धरतो: ‘पुढील भाग कॅसेट क्र. २’. ती क्रमांक दोन या वीसमध्ये नाही. अकरांत गेली असणार.

त्या काळी नाटकात काम करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्यासाठी नक्कल काढून घेतली होती, असे दोघा ज्येष्ठांनी सांगितले. रावपुऱ्यात, वाडीत, नव्या सोसायट्यांत गेलेल्या कुटुंबांत ती कुठेतरी माळ्यावर असेल. सापडली तर लावून पाहू नका. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते; तशी कॅसेट लावली की व्हीसीआरचे हेड खराब होते आणि फीतही तुटते. रंग ओघळलेले असोत, तिसरी नक्कल असो, कागदात गुंडाळून उभी ठेवून, जशी आहे तशी संध्याकाळी सहा ते आठ कार्यालयात आणून द्या.