तळटीप : ‘होम, स्वीट होम’

१. होम, स्वीट होम : एकोणिसाव्या शतकातले लोकप्रिय इंग्रजी दिवाणखानी गीत. शब्द अमेरिकन नाटककार जॉन हॉवर्ड पेन यांचे, संगीत हेन्री बिशप यांचे. १८२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगमंचावर ‘क्लॅरी’ या ऑपेरात ते प्रथम गायले गेले. ऑपेरा विस्मरणात गेला; गाणे मात्र छापील स्वरलिपीतून घरोघरच्या पियानोवर जाऊन बसले. चाल इतकी सोपी, की नवशिक्या बोटांना साथ जमावी आणि पाहुण्यांनी ध्रुवपदात सूर मिसळावा. शब्द भाबडे खरे. पण घरापासून दुरावलेल्यांना तो भाबडेपणाच हवासा वाटे. खुद्द पेन १८५२ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून ट्युनिसमध्ये असताना, परमुलखातच वारले. – संपा.