गिलची जळालेली चित्रं, लोणारचं खारं पाणी आणि माझा कॅमेरा

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे काढलेत.

दिवाळीत मेहकरला घरी होतो. कॅमेरा घ्यायचा होता, बजेट ४० हजार. तीन पर्याय एक्सेल शीटमध्ये मांडले होते. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार.) पहिला: पाण्यात, धुळीत, कुठंही चालणारा छोटा दणकट कॅमेरा. दुसरा: नवा कोरा मिररलेस, सेन्सर मोठा, पण बॉडी नाजूक. तिसरा: सेकंडहँड, जुना, जाडजूड डीएसएलआर. बाबांनी शीट वरून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “ह्याच्यात आजीचा फोटो कुठं बसते?”

आजीच्या फोटोचं सांगतो. पण त्याआधी १८४४ सालात जाऊन यावं लागेल, कारण टिकाऊपणा, चित्राचा दर्जा आणि खर्च या तिन्हींचा हिशेब आपल्या शेजारच्या अजिंठ्यात एका माणसाने आयुष्यभर केला होता.

रॉबर्ट गिल. मद्रासच्या सैन्यातला अधिकारी, हाताने चांगला चित्रकार. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याला नेमलं. त्याची आणि पारोची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, ना. धों. महानोरांचं दीर्घकाव्य आहे, पुढे सिनेमाही आला. आज ती गोष्ट बाजूला ठेवू. आज मला त्याची साधनं बघायचीयत.

पहिलं साधन म्हणजे कॅनव्हास आणि तैलरंग. रंगीत, भव्य, मूळ चित्राच्या जवळ जाणारं. त्या काळातलं सगळ्यात भारी ‘रिझोल्यूशन’ म्हणा. पण वेळ प्रचंड. वर्षानुवर्षं तो अंधाऱ्या लेण्यांत बसून एकेक कॅनव्हास पुरा करत राहिला. चित्रं इंग्लंडला गेली आणि त्यातली बरीचशी लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात लागली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. तिथली जवळजवळ सगळी चित्रं गेली. प्रत्येक चित्र एकच होतं आणि सगळी एकाच इमारतीत होती. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शन डेटा एकाच सर्व्हरवर आणि बॅकअप शून्य.

आता दुसरं साधन. १८५० च्या दशकात गिलने कॅमेरा हातात घेतला. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती, १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ओली आहे तोवरच फोटो काढून धुऊन टाकायची. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्या द्रावणात ईथर असतो, आपल्याकडच्या उन्हात तो भराभर उडतो, म्हणजे वेळ आणखी कमी. फोटोग्राफरबरोबर काचा, रसायनं, पाणी आणि अंधाराचा तंबू असं सगळं बिऱ्हाड चालायचं.

आणि एवढं करून चित्राचा दर्जा? ओल्या काचेला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळपास दिसतच नाही. अजिंठ्याची चित्रं तर गेरूच्या लाल-पिवळ्या रंगांची, आणि लेण्यात उजेड कमी. त्या भिंतींसाठी हे साधन चुकीचंच होतं. दगडी शिल्पांना आणि उन्हातल्या देवळांना मात्र ते झकास होतं. गिलने दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरला. त्याच्या काचा छोट्या, भिंगं जवळच्या फोकसची, त्यामुळे उजेडही कमी वेळ द्यावा लागतो आणि रसायनंही कमी लागतात. फोटो तळहाताएवढे, बिनरंगाचे. पण एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती!

हेच फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह दोन पुस्तकांत छापून आले. एक लेण्यांवरचं, ७४ फोटोंचं. दुसऱ्याच्या नावातच १०० स्टिरिओ चित्रं आहेत. ‘छापून’ म्हटलं, पण खरं तर प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवलेले असायचे. म्हणजे क्रिस्टल पॅलेस जळायच्या दोन वर्षं आधीच हे छोटे फोटो वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या कपाटांत जाऊन बसले होते.

आणि आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. अजिंठा निजामाकडे होतं, पण १८५३ पासून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला होता. गिल इकडेही फिरला. त्याने लोणारच्या मंदिराचे आणि माझ्या मेहकरच्या धर्मशाळेचे फोटो काढलेत, आज ते ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. मी ते पुण्यात बसून फोनवर पाहिले. त्या धर्मशाळेजवळून मी शाळेत असताना कितीदा सायकलने गेलोय. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा दगड, कडेला थोडा पिवळा पडलेला, पण खांब मोजता येतात.

लोकांना वाटतं त्या आगीने धडा मिळाला असेल. छे! १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती पुन्हा रंगवल्या, पुन्हा लंडनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये पुस्तक काढलं म्हणून ते काम घरोघरी बघता आलं.

कॅमेरा बनवणाऱ्यांनी टिकाऊपणाचा विचार केला नाही असं नाही हं. पुढे इंग्लिश कंपन्यांनी गरम देशांसाठी खास ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे काढले. सागवानी लाकूड, सांध्यांना पितळी पट्ट्या आणि स्क्रू, कारण दमट हवेत सरस सुटतो. साध्या मॉडेलपेक्षा महाग. दिसायला इतके देखणे की आज संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. पण पेटीतला कॅमेरा शंभर वर्षं टिकला म्हणून त्याने काढलेला फोटो टिकतो असं नाही.

हे मला कळलं जून २०२० मध्ये, लोणारला. सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतंय? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. मी लॉकडाऊनमुळे घरूनच काम करत होतो. मित्राबरोबर बाईकने गेलो. काठावर फोटो काढताना फोन हातातून सटकला, पाण्या-चिखलात. मी निवांत होतो. आयपी ६८ होता ना! आता बघा, त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. लोणारचं पाणी खारं आणि अल्कली, पीएच १० च्या आसपास. फोन त्या संध्याकाळी चालला. तिसऱ्या दिवशी चार्जिंगच्या तोंडाशी पांढरी खपली, आणि मग कायमचा बंद.

त्यात संक्रांतीला काढलेले आजीचे फोटो होते. डेटा वाचवायला क्लाउडचं सिंक मीच बंद ठेवलं होतं. पुढच्या वर्षी आजी गेली.

वाचला एकच. संक्रांतीलाच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, लांबीला १६०० पिक्सेलचा, दाबून बारीक केलेला. आत्याच्या, काकाच्या, चुलतभावाच्या, सगळ्यांच्या फोनमध्ये होता. दिवाणखान्यात लावायला आम्ही तो १२ बाय १८ इंच करून घेतला. इंचाला ९० पिक्सेलसुद्धा येत नव्हते. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर चेहरा गुळगुळीत करून दिला, आणि आई बघून म्हणाली, “ह्या आपल्या आजी नाहीत.” सुरकुत्याच गेल्या होत्या.

तर बाबांचा प्रश्न हा होता. शीट पुन्हा उघडली. दणकट छोटा कॅमेरा बाद केला. त्याचा सेन्सर नखाएवढा, मिररलेसच्या सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण १३ पट. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात त्याने पुन्हा सुरकुत्याच पुसल्या असत्या. नवा मिररलेस मोहात पाडत होता, पण तो घेतला की खिशात काही उरत नव्हतं, आणि लोणारला नेताना जीव वर-खाली झाला असता.

घेतला तिसरा. दहा वर्षांचा, काठांवरचा रंग उडालेला, सांध्यांना रबरी सील, वजन विटेएवढं. व्हिडिओ बेकार, ऑटोफोकस आजच्या मानाने मंद. पण त्यात दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. उरलेल्या पैशांतून एक हार्ड डिस्क घेतली, एक काकाकडे ठेवायला दुसरी, आणि प्रिंटसाठी थोडे बाजूला काढले.

परवा लोणारला जाऊन दैत्यसूदन मंदिराचे फोटो काढले. गिलला तंबू लागायचा, मला फक्त पाठदुखी झाली. येताना स्टुडिओत थांबलो आणि आजीचा तोच व्हॉट्सॲपवाला फोटो, काही न पुसता, ५ बाय ७ मध्ये काढून घेतला. चार प्रती. एवढ्या आकारात तो स्वच्छ येतो. आमच्याकडे तो आता टीव्हीशेजारी आहे, जवळ जाऊन बघावा लागतो.